मिसरी कोणी खात नाही

मेहरूण, जळगाव
१३ जानेवारी २०२५

ती. धुरपदाअक्का,

तुमच्या धाकट्या जावेचा, दिपमालाचा, वाकून नमस्कार. भाऊंच्या गुडघ्यांना नमस्कार वेगळा, कारण त्या गुडघ्यांपायीच तुम्ही दोघं गाव सोडून धुळ्याला प्रेमराजकडे गेलात आणि मी मागच्या ओट्यावर एकटी राहिले.

पत्र बघून दचकू नका. हल्ली आपल्याकडे पोस्टमन आला की बायका आधी 'कोण गेलं?' असं विचारतात. कोणी गेलेलं नाही. माझा घसा बसलाय, एवढंच. तुमचे तीन फोन येऊन गेले. तिन्ही वेळा फोन माझ्या हातात होता आणि मी तो वाजताना बघत होते. तुमच्या दिरांनी 'ती झोपलीय' म्हणून सांगितलं ते खोटं. त्यांना खोटं बोलता येत नाही, त्यामुळे तुम्हाला ते तेव्हाच कळलं असणार. तुमचा तो बटणांचा फोन मेसेज वाचायच्या कामाचा नाही, म्हणून हा कागद.

मी सध्या मेहरूणला आहे, ओळखीच्यांच्या खोलीवर. आम्हा आशा सेविकांचं प्रशिक्षण आहे. तुमचे दीर सोबतीला आले आहेत आणि स्वयंपाक तेच करतात. त्यांची खिचडी तुम्ही खाल्लेली नाही, हे तुमचं नशीब. सकाळी खिडकीतून तळ्यावर चालायला जाणारी माणसं दिसतात. बायकासुद्धा साडीवर बूट घालून हात हलवत तरातरा जातात. खाली गाडीवर मेहरूणची बोरं आली आहेत. अजून खाल्ली नाहीत.

गावाकडे कापसाची तिसरी वेचणी राहिलीय. म्हशीला सांभाळायला वना आहे, त्यामुळे म्हैस ठीक आणि वना वैतागलेला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुमच्या सुनेचा, नूतनचा, मला परवा मेसेज आला. पोरीने सहज लिहिलं होतं, 'काकू, आई हल्ली भरीत बिनमिरचीचं मागतात, त्यांचं मी आधीच वेगळं काढून ठेवते.' मी ती ओळ चारदा वाचली.

अक्का, तुम्ही? बिनमिरचीचं? माझ्या बाळंतपणात सासूबाईंची नजर चुकवून ठेच्याचं बोट माझ्या ताटाला लावणारी बाई तुम्ही. नूतन नव्या जमान्याची आहे, तिला वाटतं वय झालं की तिखट सोसत नाही. खानदेशातली बाई उगाच मिरची सोडत नाही हे मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही.

एक काम करा. उन्हात आरसा घेऊन बसा, नूतनला मोबाईलची बॅटरी धरायला लावा आणि तोंडात बघा. आधी डावा गाल, आतून. पांढरं काही दिसतं का? बोट फिरवा, खरखरीत लागतं का? मग तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का तेही बघा. हसू नका. पाहा आणि मला दोन ओळी लिहा.

प्रशिक्षणात हेच शिकवत आहेत म्हणून विचारते. दुसरं काही नाही.

तुमची
दिपा


मेहरूण
२७ जानेवारी २०२५

अक्का,

तुमचा डबा मिळाला. प्रेमराजच्या ओळखीचा भाईदास जळगावला माल घेऊन आला होता, तो खोलीवर देऊन गेला. वर तिळाचे लाडू, खाली पेन्सिलीने लिहिलेली तुमची चिठ्ठी आणि सगळ्यात खाली कापडात बांधलेली मिसरीची डबी.

चिठ्ठी अशी: 'घसा बसना व्हई तं मिसरी लाव. माले काय बी नही जयं. मी काय तंबाखू खास का?'

डबी मी उघडली. तुमच्या हातची मिसरी गावात कोणाला जमत नाही. तंबाखू तव्यावर अशी काळी करायची की जळायला एक क्षण बाकी असताना तवा खाली. मग चुरून, जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळून. वास आला आणि अक्का, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पंचवीस दिवस झाले होते. मी डबी नाकाजवळ धरून बराच वेळ बसले. तुमचे दीर दारात उभे राहून बघत होते. मग मी उठले आणि डबी मोरीत ओतून वर तीन तांबे पाणी टाकलं. तुमच्या हातची वस्तू अशी टाकली, माफ करा. लाडूही मला खाता आले नाहीत, ते यांनी संपवले.

आता खरं लिहिते. प्रशिक्षण वगैरे काही नाही. मला कॅन्सर झाला होता. उजव्या गालात, आतून, खालच्या दाढेजवळ. तीन तारखेला इथल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. सुपारीएवढा भाग काढला आणि मानेतल्या गाठीही काढल्या. नाकातून नळी होती, ती मागच्या आठवड्यात निघाली. मी बोलते, पण तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं बोलते. तुमच्याशी फोनवर तसं बोलले असते तर तुम्ही तिथेच रडायला लागला असता आणि मीही.

रडायचं नाही. गाठी स्वच्छ निघाल्या. लाईट, म्हणजे ते मशीनचे किरण, द्यायचीही गरज नाही म्हणाले, फक्त दर महिन्याला येऊन दाखवायचं. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. त्यांना काय माहीत मी किती वेळ घालवला ते.

पहिल्या दिवशीची गंमत सांगते. डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू खाता?" मी म्हटलं, "नाही." "कधीच?" "कधीच नाही." ते माझ्या तोंडात बघतात, पुन्हा माझ्याकडे बघतात. "गुटखा?" मला रागच आला. म्हटलं, साहेब, मी आशा आहे, गावात शंभर जणांना मी तंबाखू सोडायला सांगते. तेवढ्यात मागे उभी असलेली नर्स, तुमच्या धुळ्याकडचीच असणार, तिने हळूच विचारलं, "ताई, मिसरी लावतस का?"

मी म्हटलं, "हो, लावते ना. तीस वर्षं झाली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

मी खोटं बोलत नव्हते, अक्का. चिठ्ठीत तुम्हीही खोटं लिहिलेलं नाही. आपण मिसरी लावतो. तंबाखू गडी खातात, चुना लावून, पचापचा थुंकत. आपण दात घासतो. एका शब्दाचा फरक, आणि त्या शब्दामागे अख्खं गाव लपलंय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते माझ्यासाठीच कोणी लिहून ठेवलं असेल. नाव दिपमाला आणि दिव्याखाली अंधार.

त्याहून वाईट पुढे आहे. दोन वर्षांपूर्वी मी तिशीच्या पुढच्या बायकांचे तपासणीचे फॉर्म भरले होते. एकशे बेचाळीस बायका. ओट्यावर उभी राहून मी विचारायची, "तंबाखू खाता का?" त्या म्हणायच्या, "नही वं माय." मी 'नाही'वर खूण करायची आणि पुढच्या दारी. समोरची बाई काळ्या दातांनी हसत 'नही' म्हणायची आणि मी माझ्या काळ्या दातांनी हसून लिहून घ्यायची. एकशे बेचाळीसांपैकी एकशे एकोणचाळीस 'नाही'. माझ्या स्वतःच्या फॉर्मवर 'नाही'. तुमच्याही. तुमच्या फॉर्मवर मी तुम्हाला न विचारताच खूण केली होती.

इथे पडल्या पडल्या एक गोष्ट सारखी आठवते. लग्न होऊन आले तेव्हा वर्षभर मला घरात बसायला जागा मिळाली नव्हती. बसलं की सासूबाईंची हाक यायचीच. मग पहिलटकरीण असताना माझी दाढ ठणकायला लागली आणि तुम्ही मला मागच्या ओट्यावर नेऊन डबी उघडलीत. "जराशी लाव, ठणका लगेच बशी जाई." ठणका बसलाच. पण मला आवडलं ते दुसरंच. तोंडात मिसरी असली की सासूबाई हाक मारायच्या नाहीत. 'दात घासी ऱ्हायनी' म्हटलं की दिवसातून दोनदा अर्धी घटका आपल्या दोघींची. त्या अर्ध्या घटकेसाठी मी काहीही लावलं असतं. सासूबाई गेल्या, सुना आल्या, आपणच सासवा झालो, आता बसायला कोणाची परवानगी लागत नाही. तरी बसायला आपल्याला डबी लागतेच.

डॉक्टर म्हणाले, सोडणं कठीण जाईल. मी पाटीवर लिहून दाखवलं, 'चार बाळंतपणं घरात केलीत, हे काय.' तलफ येते. आली की तळ्याला अर्धा फेरा मारून येते. बूट अजून घेतलेले नाहीत, चपलांवरच जाते.

अक्का, ऐका. पांढरा चट्टा म्हणजे लगेच कॅन्सर नसतो. पुष्कळदा मिसरी सोडली की तो उतरतो, नाही उतरला तर काढून टाकतात. पण माणसाने दाखवायला तर पाहिजे. धुळ्यात सरकारी दवाखाना तुमच्या घरापासून रिक्षाने जेमतेम पाऊण तास. नूतनला घेऊन जा. आणि तिथे 'तंबाखू खाता का' विचारलं तर 'नाही' म्हणू नका. म्हणा, 'मिसरी लावते. चाळीस वर्षं.'

उत्तर लवकर लिहा. डबी पाठवू नका.

तुमची
दिपा


गिरणाकाठ, ता. भडगाव
२० फेब्रुवारी २०२५

अक्का,

हे पत्र नूतनला वाचायला देऊ नका. चौथीपर्यंत शिकलेल्या आहात, सावकाश वाचा. मुद्दाम मोठं अक्षर काढलंय.

मी गावी आले त्याला दोन आठवडे झाले. तुमचं उत्तर नाही. शेवटी मीच नूतनला विचारलं, तेव्हा तिने सगळं लिहून पाठवलं. माझं पत्र तुम्ही दोनदा वाचलंत, त्या दिवशी जेवला नाहीत. एवढंच म्हणालात, "मीच दिन्ही व्हती तिले." दुसऱ्या दिवशी घरातली सगळी मिसरी उकिरड्यावर टाकलीत. ते झकास केलंत. पण दवाखान्याचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करून निजता आणि म्हणता, "माले जे व्हई ते व्हई." नूतन म्हणते, आता साधी फोडणीही झोंबते, वरण-भात कालवून कसाबसा गिळता.

वाचून मला आधी रडू आलं आणि मग असा राग आला की मी म्हशीवर ओरडले. म्हणजे तुम्ही मला मिसरी दिलीत म्हणून आता स्वतःला शिक्षा करून घेणार? माझा गाल गेला म्हणून तुम्ही तुमचाही जाऊ देणार? छान न्याय आहे! सासूबाईंनीही एवढा उरफाटा न्याय कधी केला नव्हता.

गुन्हा कोणाचा ते ठरवायचंच असेल तर सगळं ऐकून ठरवा. मागच्या दोन पत्रांत मी हे लिहिणार होते. दोन्ही वेळा पेन तिथे आलं की मी खिचडीबद्दल लिहिलं, फॉर्मबद्दल लिहिलं. आज लिहिते.

२०२३ ची दिवाळी. तुम्ही धुळ्याला जायच्या आधीची शेवटची. पाडव्याच्या दुपारी आपण ओट्यावर बसलो होतो. तुम्ही चूळ भरलीत, गाल बोटाने ओढून धरलात आणि म्हणालात, "देख वं दिपा, आठे काय शे?"

मी पाहिलं, अक्का. डावा गाल, आतून, चिंचोक्याएवढा पांढरा चट्टा, कडेला लाल. म्हणूनच पहिल्या पत्रात मी 'आधी डावा गाल' लिहिलं. मला ते काय असू शकतं हे माहीत होतं. आमच्या पुस्तकात त्याचं रंगीत चित्र आहे, मी ते चित्र चाळीस बायकांना दाखवलं होतं. आणि मी तुम्हाला म्हटलं, "काही नाही, उष्णता आहे. तूप लावा."

तुम्ही विश्वास ठेवलात. का नाही ठेवणार? घरातलीच आशा. उलट म्हणालात, "बरं शे, घरमाच डाक्टर शे." आणि धुळ्याला गेल्यावरही तूप लावत राहिलात, हे नूतनकडून कळलं.

मी तसं का म्हटलं तेही सांगते. त्या दिवाळीच्या महिनाभर आधीपासून माझ्या उजव्या गालात तसंच खरखरीत लागत होतं. तुम्हाला 'दवाखान्यात चला' म्हटलं असतं तर तिथे डॉक्टर मलाही म्हणाले असते, 'तुमचंही दाखवा.' तुमचं तोंड बंद केलं म्हणजे माझंही झाकलेलं राहिलं. पुढचं एक वर्ष मी रोज जिभेने तो खरखरीतपणा चाचपत होते आणि रोज मिसरी लावत होते. शेवटी रक्त आलं तेव्हा गेले. तुमच्यासाठी गेले नाही, तुम्हाला सांगितलंही नाही. माझं ऑपरेशन होऊन मी वाचणार हे कळल्यावर मग तुम्हाला आरसा घ्यायला सांगितलं.

तुम्ही मला मिसरी दिलीत ती माझी दाढ दुखत होती म्हणून, माया होती म्हणून. ती काय करते हे तुम्हाला माहीत नव्हतं. मला सगळं माहीत होतं. तेव्हा शिक्षा घ्यायचीच असेल तर ती माझ्या वाट्याची आहे, तुमच्या नाही. तुमच्या गालाने ती का भोगायची?

मला शिव्या द्या. गावभर सांगा. भाऊंना सांगा, माझी हरकत नाही. यांना मी काल सांगितलं. ते म्हणाले, "वहिनीला आधी सांग." म्हणून लिहिते.

मी आता काय करते आहे तेही ऐका. ते फॉर्म पुन्हा भरायला घेतलेत. कोणी सांगितलेलं नाही, मीच घेतलेत. माझं बोलणं अजून अर्धं कळत नाही, त्यामुळे मी दारात जाते, पदर बाजूला करून मानेवरचे टाके दाखवते आणि एकच विचारते, "मिसरी लावतेस का?" छगनची आई म्हणाली, "मिसरी तं मी लावस. ती काय खावानी वस्तू शे?" मी म्हटलं, नाही माय, ती आपल्याला खाणारी वस्तू आहे. तिला माझं बोलणं नीट कळलं नसावं, पण टाके तिने बोट लावून पाहिले आणि तोंड उघडलं. आजवर अडतीस घरं झाली, एकतीस जणी 'हो' म्हणाल्या, चौघींना भडगावला दाखवून आणलं. एकीने मला हाकललं. तिच्याकडे पुन्हा जाईन. सगळ्यांची तोंडं बघून होईपर्यंत थांबणार नाही.

पण अडतीस बायकांची तोंडं बघताना मला एकच गाल दिसतो.

सोमवारी, चोवीस तारखेला, पहिल्या गाडीने निघते. पारोळ्याला गाडी बदलून दहाच्या आत तुमच्या दारात. नूतनला कळवलंय, रिक्षाही सांगून ठेवलीय. तुमचा तो जुना फॉर्म माझ्या पिशवीत आहे, त्यावरची खूण खोडून बरोबर केलीय आणि खाली सही केलीय. डॉक्टर विचारतील कधीपासून आहे, तर तुम्ही बोलायचं नाही. मी सांगेन की पंधरा महिन्यांपूर्वी हा चट्टा एका आशाने पाहिला होता आणि ती आशा मी. कदाचित उतरण्यासारखा असेल, कदाचित काढावा लागेल. कदाचित माझ्यापेक्षा जास्त असेल. काहीही निघालं तरी बाकावर मी तुमच्या शेजारी असेन. नळी लागली तर खिचडी मी पातळ करेन, यांना चुलीजवळ फिरकू देणार नाही.

माझ्यावर रागवा अक्का, जन्मभर रागवा. पण रिक्षात बसून रागवा. तुम्ही नाही म्हणालात तर मी ओट्यावर बसून राहीन. प्रेमराजचे शेजारी विचारतील ही कोण बाई, तर मी माझ्या तोंडाने उत्तर देईन आणि कोणाला काही कळणार नाही. मग तुम्हालाच बाहेर येऊन सांगावं लागेल.

दार उघडाल तेव्हा काही बोलू नका. मीही बोलणार नाही. फक्त उजेडाकडे तोंड करून बसा आणि गाल ओढून धरा, तेव्हा धरला होतात तसा. या वेळी मी जे दिसेल ते सांगेन.

पाहूनही 'काही नाही' म्हणालेली,
तुमची जाऊ
दिपमाला